बास म्हणजे जिताडा

दुबईहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, सोनं किती आणलंत? एकसष्ट वर्षांचा माणूस वीस दिवस परमुलखात राहून येतो आणि लोकांना त्याच्याकडून फक्त तोळ्याचा भाव हवा असतो. परवा तर सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारलं. मी तिथे सोन्याच्या बाजारात पाऊलही ठेवलं नाही, हे सांगितलं तर लोक हसतात. म्हणून जे पाहिलं आणि जे सोसलं ते एकदाच लिहून काढतो, म्हणजे दारोदार सांगत बसायला नको.

मी गेलो होतो मुलीला घरी आणायला. वैशालीला सातवा महिना होता. आमच्या खारेपाटात, म्हणजे पेण-अलिबागच्या पट्ट्यात, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. त्यात चर्चा नसते. बायकोचा गुडघा धरलेला, त्यामुळे जाणं माझ्याकडे आलं. निघताना तिने दहा वेळा बजावलं, "गेल्या गेल्या विचारा. उंबऱ्यातच विचारा. तुमचं काही खरं नसतं." मी म्हणालो, मला पद्धत शिकवू नकोस.

पद्धत काय ते सांगतो, कारण घाटावरच्या वाचकांना ती माहीत नसणार. आमच्याकडे घरापुढे तळं असतं आणि तळ्यात जिताडा. भरतीच्या पाण्याबरोबर बांधाच्या उघडीतून, म्हणजे पाण्याच्या दारातून, बोटबोटभर पिल्लं आत येतात, ती धरून तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं वाढवायची. हा मासा विकायला नसतो, द्यायला असतो. सातबारावरचं नाव बदलायचं असो, पोराला शाळेत घालायचं असो की व्याह्यांकडे शब्द टाकायचा असो, आधी जिताडा पोचतो, मागाहून माणूस. जावयाकडे तर रिकाम्या हाताने काही मागणं म्हणजे भीक. त्याच्या हातात जिताडा द्यायचा, त्याने तो पोटभर खायचा, मग बोलणं काढायचं.

म्हणून मी तळ्यातला चांगला पाच किलोंचा जिताडा काढला, बर्फाच्या कारखान्यात दोन दिवस ठेवून त्याचा दगड केला, वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये, मग जुन्या चादरीत गुंडाळला आणि मुंबईचा विमानतळ गाठला. तिथे काउंटरवरची मुलगी म्हणते, "अंकल, इसमें से पानी आ रहा है।"

मी म्हणालो, बर्फातून पाणीच येणार, दूध येणार आहे का?

नाही घेतला. कपाळावर गंध लावलेला एक साहेब आला, नाकाला रुमाल लावून वाकला आणि मान हलवून गेला. मी तीन वेळा सांगितलं की हा जिताडा आहे. त्यांच्या लेखी ते एक ओलं गाठोडं होतं. शेवटी गावाहून आणलेल्या जीपवाल्यालाच परत बोलावून मी तो त्याच्या स्वाधीन केला, तर तो मला विचारतो, "काका, तळू की कालवण करू?" माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की विमान कधी उडालं ते कळलं नाही.

दुबई, पहिले पंधरा दिवस

जावई संदीपराव विमानतळावर न्यायला आले होते. मुलगा गुणी आहे, पण साताऱ्याकडचा, म्हणजे माशाचं तोंड कुठलं आणि शेपटी कुठली इथपासून तयारी. एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत नोकरी. वाकून नमस्कार केला, बॅग घेतली, विचारपूस केली. उंबऱ्यात वैशाली उभी होती, ओढणी पोटावरून घेऊन. माझे हात रिकामे. विचारायचं ते पोटात ठेवून मी चपला काढल्या.

दुबईविषयी सगळे कौतुकाने लिहितात. मला एक सांगा, ज्या गावात खिडकी उघडता येत नाही तिथे माणूस श्वास कसा घेतो? बाहेर पडलं की भट्टी, आत आलं की फ्रीज. एप्रिल संपत आला होता आणि सगळे म्हणत होते, अजून उन्हाळा सुरू व्हायचाय! शेजारी एक मराठी कुटुंब, त्यांच्या सहा वर्षांच्या पोराला मी विचारलं, "बाळा, जेवलास का?" तर म्हणतो, "आय हॅड नूडल्स, अंकल." मी अंकल! त्याच्या आजोबांच्या वयाचा मी.

दुसऱ्याच दिवशी मी देऱ्याचा, म्हणजे जुन्या दुबईतला, मासळीबाजार गाठला. बाजार उत्तम, खोटं कशाला बोलू? आपल्याकडे असा धुतलेला मासळीबाजार दाखवा आणि बक्षीस घ्या. पण एवढ्या ढिगात जिताडा नाही. एका फळीवर रत्नागिरीकडचा इसाक नावाचा विक्रेता होता. माझी बोली ऐकून खूश झाला.

"जिताडा? काका, तो हितं नाय गावायचा. हमूर न्या. हितला राजा हाय तो. किलोला तीस दिरहॅम, म्हंजे आपले पावणेचारशे रुपये धरा."

"हमूर जावयाला चालत नाही," मी म्हणालो.

"जावयाला हमूर नको?" त्याने शेजाऱ्याला हाक मारली. "ऐकलंस काय, काकांना जावयासाठी हमूर नको!" सगळा बाजार हसला. मी पाय आपटत परत आलो.

असे दिवस जात राहिले. वैशाली रोज संध्याकाळी माझ्यासमोर सोफ्यावर येऊन बसायची, पायांखाली उशी घ्यायची आणि म्हणायची, "बाबा, काही बोलायचंय का?"

मी म्हणायचो, "एसी जरा कमी कर."

घरून फोन आला की बायकोचा एकच प्रश्न. मी सांगायचो, घाई करू नकोस, सगळं रीतसर होईल. रात्री झोपताना मनात म्हणायचो, एवढा शिकलेला जावई, आपण होऊन नाही का म्हणू शकत की बाबा, हिला घेऊन जा? पण नाही. तो आपला हसतमुखाने विचारणार, बाबा, उद्या मॉल बघायला जायचं का? मॉल! मला त्याचा भयंकर राग येत होता.

चौदाव्या दिवशी संदीपराव ऑफिसातून एक फोटो घेऊन आले. त्यांचा बॉस कॉलिन, इंग्रज माणूस, दोन्ही हातांवर एक मासा आडवा धरून उभा. "बाबा, तुम्हाला माशांची आवड म्हणून आणला. सर दर शुक्रवारी बास फिशिंगला जातात."

मी फोटो उजेडात नेला. पाठीला उंचवटा, कपाळ आत दबलेलं, शेपटी पंख्यासारखी गोल, डोळ्यात लालसर चमक. मी ओरडलोच, "अहो, हा जिताडा आहे!"

"नाही बाबा, बास आहे."

"बास म्हणजे जिताडा! चार दिवसांचं पिल्लू असलं तरी ओळखेन मी."

संदीपरावांनी सांगितलं, ओमानच्या हद्दीजवळ हत्ता म्हणून गाव आहे, तिथे डोंगराच्या पायथ्याशी एका अरबाची खजुराची बाग आहे. बागेच्या पाण्यासाठी त्याने ओढा अडवून मोठं तळं केलंय, आणि काही वर्षांपूर्वी थायलंडहून या माशाची पिल्लं आणून त्यात सोडली होती. मालक स्वतः फिरकत नाही, कॉलिन त्याचा दोस्त. मी म्हणालो, संदीपराव, या शुक्रवारी मला तिथे न्याच. ते जरा घुटमळले. म्हणाले, "सर फार स्ट्रिक्ट आहेत, बाबा. तिथे फक्त बघायचं हं." हे "फक्त बघायचं" मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

हत्ताच्या वाटेवर, शुक्रवार

पहाटे कॉलिनची जीप दारात आली. माझ्याच वयाचा, उकडलेल्या कोळंबीसारखा लाल, अर्धी चड्डी. माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. मी बरोबर थर्मोकोलचा डबा, बर्फ आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेतला होता. कॉलिनने डब्याकडे बघून काहीतरी विचारलं, संदीपरावांनी घाईघाईने "कोल्ड ड्रिंक्स, सर" असं सांगितलं. जावयाने सासऱ्याच्या डब्याविषयी खोटं बोलावं!

रस्ता मात्र बघण्यासारखा. शहर संपल्यावर वाळू हळूहळू तांबडी होत जाते, इतकी की उगवतीला आमच्या वीटभट्टीच्या मातीची आठवण व्हावी. मध्येच उंटांचा कळप रस्त्यात उभा राहतो आणि शंभराच्या वेगाने जाणाऱ्या गाड्या निमूट थांबतात. वाटेत काही मैल ओमानचा मुलूख लागतो, पण कोणी अडवत नाही. मग डोंगर येतात. आमचे डोंगर मे महिन्यात करपतात तरी अंगावर चार काटक्या असतात. हे डोंगर जन्मापासून उघडे. आणि त्या दगडांच्या खोबणीत एकदम हिरवी खजुराची बाग आणि मागे बांध घातलेलं पाणी! पाण्याला बांध दिसला की मला घरी आल्यासारखं वाटतं.

बागेचा राखणदार गुल खान पेशावरकडचा, सहा फूट उंच, मेंदी लावलेली दाढी. त्याने आम्हाला जाड तंदुरी रोटी, खजूर आणि उकळून काळा केलेला चहा दिला. कॉलिनने स्वतःच्या पिशवीतून काकडीची सँडविचेस काढली. दर शुक्रवारी मासे पकडणारा माणूस काकडी खातो, हे पाहून मला पहिली शंका आली.

मग त्याने अवजारांचा डबा उघडला. मी आयुष्यभर जिताडा पाहिलाय. त्याला जिवंत कोळंबी लागते, तीही उड्या मारणारी. या डब्यात होते प्लास्टिकचे मासे, पिसं लावलेले, डोळे रंगवलेले, आणि एक प्लास्टिकचा बेडूक. हे पाण्यात बुडवायचं नाही, वर तरंगत ठेवायचं आणि दोरीला झटके द्यायचे. झटक्यासरशी ते "बुडुक" आवाज करतं आणि मासा फसून खालून झेप घेतो. म्हणजे त्या मुक्या जिवाला खायलाही द्यायचं नाही! गळाला निदान कोळंबी तरी असते, मेला तरी तोंडात घास घेऊन मरतो. मी हे संदीपरावांना सांगितलं. "सरांना सांगा," म्हणालो. त्यांनी सरांना जे सांगितलं त्यावर सर "थँक यू" म्हणाले, तेव्हा काय सांगितलं असेल ते समजा.

तरी मी रॉड हातात घेतला. पहिला बेडूक गेला खजुराच्या झाडावर. दुसऱ्या खेपेला संदीपरावांची टोपी उडाली. कॉलिन धीराचा माणूस, मागे उभा राहून मनगट कसं फिरवायचं ते दाखवत होता. सातव्या-आठव्या फेकीला बेडूक लव्हाळ्याच्या कडेला बरोबर पडला. मी एक झटका दिला. थांबलो. दुसरा दिला.

पाणी फुटलं. घागर आपटल्यासारखा आवाज झाला, रॉड वाकला आणि माझे दोन्ही खांदे पुढे ओढले गेले. असा जोर फक्त जिताड्याचा! मी चक्री फिरवायला लागलो. तेवढ्यात बांधावरून गुल खान दोन्ही हात वर करून धावत आला आणि जिवाच्या आकांताने ओरडायला लागला, "बास! बास! बास!"

मी थांबलो.

आता वाचकांनीच सांगावं. एस.टी.च्या डेपोत मी तीस वर्षं कंट्रोलर होतो. गाड्या मागे घेताना "येऊ दे, येऊ दे, बास!" असं मी दिवसातून पन्नासदा ओरडलोय आणि ड्रायव्हर जागच्या जागी थांबलेत. नाही थांबला तर भिंत पडते. समोरचा माणूस हात वर करून तीनदा बास म्हणतोय म्हटल्यावर मी चक्री सोडली, रॉड खाली घेतला आणि काय झालं म्हणून मागे बघितलं. तिकडे जिताड्याने हवेत उडी घेऊन डोकं झटकलं. दोरी सैल. बेडूक परत एकटाच तरंगायला लागला.

"चाचा, छोड़ क्यों दिया?" गुल खानने कपाळावर हात मारला.

"तूच म्हणालास ना, बास!"

"हाँ तो बास ही था! इतना बड़ा बास था, चाचा!"

त्याला त्या माशाचं तेवढंच एक नाव माहीत होतं, कॉलिनकडून ऐकलेलं, आणि ते त्याने त्याच्या जिभेने उच्चारलं. कॉलिनला हे संदीपरावांनी समजावून दिलं, तर तो बांधावर बसून पोट धरून हसला. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही. माझी मुलगी त्या माशावर अडलेली होती.

अर्ध्या तासाने कॉलिनला लागला. चार किलोंचा तरी असेल, चांदीसारखा. मी लगेच वर्तमानपत्र पसरलं, डब्याचं झाकण काढलं. कॉलिनने मासा ओल्या हातांनी उचलला, पट्टीने मोजला, फोटो काढून घेतला, आणि मग, मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो, गुडघाभर पाण्यात जाऊन त्याला अलगद सोडून दिला. वर "गुड गर्ल" म्हणून हात हलवला.

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही.

"बाबा, प्लीज," संदीपराव माझा दंड धरून कुजबुजले, "इथे पकडून सोडायचाच नियम आहे. सरांनीच केलाय. माझे बॉस आहेत ते."

"सोडायचा तर पकडला कशाला? पोटाला हवा म्हणून मारला तर समजतं. नुसतं तोंड फाडून, दमवून, फोटो काढून परत पाठवायचं, ही कसली माया? त्यांना विचारा की एक मासा द्याल का."

"असं कसं विचारणार, बाबा? ऑकवर्ड होईल."

"तोंडाला काय झालंय तुमच्या? एक मासा मागायचाय, राज्य नाही!"

ते दोरी गुंडाळायला लागले. तेव्हा मीच चिखल तुडवत कॉलिनसमोर गेलो. डेपोतलं जेवढं इंग्रजी होतं तेवढं गोळा केलं. "मिस्टर कॉलिन. माय डॉटर. बेबी कमिंग. फर्स्ट बेबी. वन फिश, प्लीज."

कॉलिनने संदीपरावांकडे वळून हे खरं का म्हणून विचारलं. सात महिने आमच्या जावयाने बॉसला सांगितलंच नव्हतं की बायको गरोदर आहे! कॉलिनने त्यांना मिठी मारली, मला मिठी मारली, गुल खानने "मुबारक हो" म्हणून तिसरी मारली. मग कॉलिन म्हणाला, एवढंच होतं तर आधी का नाही बोललात? हे एवढं इंग्रजी मला जावयाच्या मदतीशिवाय समजलं.

नऊ वाजत आले होते, दगड तापायला लागले होते. मी त्याच लव्हाळ्याकडे बेडूक टाकला. या खेपेला पाणी फुटलं तेव्हा गुल खान माझ्या कानाशी उभा राहून ओरडत होता, "मछली, चाचा, मछली! खींचो!" मी ओढला. तीन किलोंचा. कॉलिनने स्वतः उचलून माझ्या डब्यात ठेवला.

त्याच दिवशी, दुपारी

वैशालीने नारळाचं दूध घालून कालवण केलं. ओट्याशी उभं राहवत नव्हतं तरी मला हात लावू दिला नाही. तळ्याचं पाणी गोडं, त्यामुळे चव आपल्यापेक्षा मऊ, पण जिताडा तो जिताडा. मी डोक्याचा तुकडा संदीपरावांच्या ताटात वाढला. त्यांना तो कसा खायचा ते कळेना, तरी त्यांनी खाल्ला. भात झाला, दुसऱ्यांदा कालवण झालं. मग मी ताटावर हात जोडले आणि जसं बोलायला हवं तसं बोललो.

"संदीपराव, पहिली खेप आहे. वैशूला माझ्याबरोबर पाठवा. तिच्या आईने खोली तयार ठेवलीय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. संदीपरावांनी ताटातला हात काढून घेतला.

"बाबा, पहिल्या आठवड्यात मी तिचं तिकीट होल्ड करून ठेवलं होतं. तुमच्याच विमानाचं. पण तुम्ही विषयच काढला नाहीत. मला वाटलं, आईंच्या गुडघ्यामुळे तिकडे जमण्यासारखं नसेल आणि तुम्हाला तसं सांगायला जड जात असेल. मग मी उगाच कसं विचारू?"

"मग आता काढा तिकीट," मी म्हणालो.

वैशाली बोटांनी भाताची शितं गोळा करत होती. "बाबा, मंगळवारी तपासणी होती ना. प्रेशर वाढलंय. डॉक्टर म्हणाली, आता विमान नको."

"मंगळवारी? आज शुक्रवार. मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते? तुम्ही न्यायला आलाय हेच कुठे बोलला होतात?" तिने बोटांतली शितं ताटात टाकली. "मी रोज तुमच्यासमोर येऊन बसत होते, बाबा."

मला संदीपरावांवर ओरडायचं होतं, डॉक्टरवर, विमानतळावरच्या त्या मुलीवर. वैशालीने उठून माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. तो मी खाल्ला.

जेवणं झाल्यावर घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला बायकोने उचलला.

"विचारलंत का हो एकदाचं?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले. त्यांचं पहिल्या दिवसापासून हो होतं."

"अगं बाई! आणि मी इथे देव पाण्यात घालून बसलेय. मग तुम्ही विचारलंत कधी?"

"आज," मी म्हणालो.